आंबट कुणाला चालतं?

दिवाळी सरली की गणपत गल्लीत नागपुरी संत्र्यांचे ढीग लागतात. विजापूर जिल्ह्यातल्या इंडीकडची कागदी लिंबं बारा महिने असतातच. त्या लिंबाला आता जीआय मानांकनही मिळालं आहे. उन्हं तापली की मोसंबीच्या रसाच्या गाड्या उभ्या राहतात आणि श्रावण संपत आला की खानापूर, जांबोटीच्या बाजूनं पपनसं यायला लागतात. लिंबाच्या कुळातलं एखादं तरी फळ आमच्या बेळगावात वर्षभर मिळतं. आणि त्या फळांवरून वाद झाला नाही असं घर मला तरी माहीत नाही.

माझी आत्ती संत्र्याच्या विरोधातली. संत्र्यानं कफ होतो, आंबटानं सांधे धरतात, बाळंतिणीला लिंबू दिलं की टाके पिकतात, ही तिची ठाम मतं. समोरच्या बाजूला सी व्हिटॅमिनवाले. त्यांच्या मते आंबट फळ जितकं पोटात जाईल तितकं चांगलं. करोनाच्या काळात या दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. सकाळी उठून गरम पाण्यात लिंबू, दुपारी पेलाभर रस, रात्री सी व्हिटॅमिनची गोळी, असं करणारी कितीतरी माणसं आमच्या शहापुरात मी पाहिली. हे व्हिटॅमिन रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, झालेली सर्दी फार तर थोडी लवकर आटोपते, एवढंच आजवरच्या तपासण्यांतून दिसलेलं आहे. आणि संत्र्यानं सर्दी होते हेही खरं नाही, ती विषाणूनं होते.

पण दोन्ही बाजूंनी न विचारलेला प्रश्न वेगळाच आहे. खाणारा कोण? त्याला दुखणं कसलं? रोज तो कुठल्या गोळ्या घेतो? फळ खातोय की रस पितोय? फळाच्या गुणदोषांवर माणसं तासभर बोलतात आणि ज्याच्या ताटात ते पडणार त्याच्याकडे बघतही नाहीत. आमच्या घराला हे फार जवळून कळलं, कारण आमच्यात किडनीचं दुखणं असलेली माणसं तीन.

सासूबाईंच्या किडन्या हळूहळू थकत चालल्या आहेत. निपाणीच्या माझ्या थोरल्या दादाला मुतखड्याचा त्रास आहे. आणि माहेरच्या धाकट्या काकांची किडनी बदललेली आहे. भेटायला येणारे पाहुणे तिघांनाही एकच सांगतात, "किडनीवाल्यांना आंबट चालत नाही ओ." इतक्या आपुलकीनं सांगतात की तोडून बोलवत नाही. पण हा सल्ला तिघांपैकी एकालाही जसाच्या तसा लागू पडत नाही.

दादानं या सल्ल्यापायी लिंबू सोडून दिलं होतं. भडंगावरसुद्धा पिळायचा नाही. खरं तर मुतखड्याच्या बहुतेक रुग्णांना लिंबाचा फायदाच होतो. मुतखडा बहुतेक वेळा कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांचा असतो. लघवीत हे दोन पदार्थ एकमेकांना भेटले की खडे धरतात. लिंबातल्या सायट्रिक आम्लातून मिळणारं सायट्रेट लघवीत उतरतं आणि कॅल्शियमला आधीच पकडून ठेवतं, मग ऑक्झलेटला जोडीदार उरत नाही. डॉक्टर मुतखड्यावर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात ते याचसाठी. दादाच्या डॉक्टरांनी त्याला दोन लिंबांचा रस भरपूर पाण्यात मिसळून, साखर न घालता, दिवसभर थोडा थोडा प्यायला सांगितलं. आणि पाणी इतकं की दिवसाची लघवी अडीच लिटरच्या आसपास व्हावी. लिंबू हे त्या पाण्याच्या सोबतीला, पाण्याच्या बदल्यात नव्हे.

याच दादाच्या कपाटात सी व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली निघाली. ती मात्र डॉक्टरांनी बंद करायला लावली. शरीराला नको असलेलं सी व्हिटॅमिन बरंचसं तसंच लघवीवाटे जातं, पण त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट होतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत सी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. गोळीत एका वेळी ५०० किंवा १००० मिलीग्रॅम असतं. संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरात असतं पन्नासेक मिलीग्रॅम. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मिलीग्रॅम पुरतं. म्हणजे एक-दीड संत्र्यात दिवसाची गरज भागली. बेळगावच्या बाजारातला साधा पेरू तर संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे, पण व्हिटॅमिनसाठी पेरू आण असं कुणी म्हणत नाही.

सासूबाईंचं सगळं उलटं. त्यांना भीती पोटॅशियमची. किडनी नीट चालत असेल तर जास्तीचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं. ती थकली की ते रक्तात साठतं, आणि रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात, तेही आधी काही न जाणवता. मध्यम आकाराच्या एका संत्र्यात पोटॅशियम २३०-२४० मिलीग्रॅम, पेलाभर रसात त्याच्या दुप्पट. भरीला त्यांची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम वाढवणारी. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या सगळ्या त्याच जातीच्या गोळ्या.

आता आपल्याकडची रीत बघा. आजारी माणसाला बघायला जाताना हातात काय असतं? मोसंबीची पिशवी, नाहीतर शहाळं. सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा आठवडाभर टेबलावर दोन्हींची रास होती आणि येणारा प्रत्येकजण प्रेमानं, "रस काढून द्या की ओ त्यांना, तरतरी येईल" म्हणत होता. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर. इतक्या मायेनं आणलेल्या वस्तूला नको म्हणणं जड जातं, पण म्हणावं लागतं. मी आता आधीच फोनवर सांगते, येताना भडंग आणा, खाणाऱ्यांसाठी.

रसाबद्दल मला वेगळंच बोलायचं आहे, कारण तब्येत बरी असलेली माणसंही इथं फसतात. एका पेल्यासाठी तीन-चार मोसंब्या जातात. त्या सोलून खायला बसलात तर दुसरीलाच पोट भरेल. रस दोन मिनिटांत संपतो, चोथा गाडीवाल्याच्या बादलीत जातो आणि तीन-चार फळांची साखर एकदम पोटात उतरते, वर गाडीवाल्यानं घातलेली वेगळी. जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातली साखरही चमच्यानं घातलेल्या साखरेच्याच हिशोबात धरते, फळातली मात्र धरत नाही. मधुमेह असलेल्या माणसानं संत्र्याच्या फोडी खाणं आणि संत्र्याचा रस पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सासूबाईंना लिंबू मात्र राहिलं. आमटीत पिळलेल्या अर्ध्या लिंबातून पोटॅशियम जातं ते अगदी किरकोळ, आणि मीठ कमी केलेल्या जेवणाला त्यानंच चव येते. आमच्याकडे सकाळी चित्रान्न होतं तेव्हा त्यांच्या वाट्याच्या भाताला मीठ अर्धं आणि लिंबू थोडं जास्त असतं. त्या आवडीनं खातात.

राहिले काका. त्यांचीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हा धोका सहसा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

काकांचं घर खानापूर तालुक्यात, घाटाच्या अंगाला. पाऊस बेसुमार, परसात फणस, आंबे, आणि विहिरीजवळ पपनसाचं जुनं झाड. गणपतीच्या दिवसांत त्याच्या फांद्या भारानं खाली येतात. पपनस सोलणं हे सवडीचं काम. वरची पिवळट हिरवी साल सुरीनं चिरायची, आतला बोटभर जाडीचा पांढरा मऊ थर ओढून काढायचा, मग एकेक फोड सुटी करून तिच्यावरचा कडू पापुद्रा नखानं सोलायचा. आतला गर गुलाबी, दाणेदार, हातात धरला तरी रस सांडत नाही. काकू त्यावर मीठ, लाल तिखट आणि चिमूटभर साखर भुरभुरवतात. आरती झाली की परातीभर पपनस मध्ये आणि भोवती सगळं घर, असा तिथला गणपती.

काकांना बसवलेली किडनी शरीर परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडायला बघतं. ते होऊ नये म्हणून त्यांना टॅक्रोलिमसची गोळी जन्मभर घ्यायची आहे. ही गोळी फार मोजून द्यावी लागते. रक्तात कमी पडली तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झाली तर हात थरथरायला लागतात आणि तीच गोळी नव्या किडनीला इजा करते. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून तिचं प्रमाण बघतात. घरी सोडताना दवाखान्यानं एक इंग्रजी कागद दिला होता. टाळायच्या पदार्थांत लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट. खानापूरच्या आठवडी बाजारात ग्रेपफ्रूट कुणी पाहिलंय? काकूंनी कागद देवघराच्या फडताळात जपून ठेवला. जे मिळतच नाही ते टाळायचं काय, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढच्या तपासणीला तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीनं कागद बाजूला ठेवून काकूंना विचारलं, "परसात काय काय झाडं आहेत, काकू?" काकूंनी उत्साहानं एकेक सांगितलं, आणि पपनसाचं नाव घेताना तर गणपतीला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं. त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. "काकांना पपनस द्यायचं नाही हं. एक फोडसुद्धा नाही," म्हणाली.

पपनस हे ग्रेपफ्रूटचं जन्मदातं फळ आहे. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट जन्माला आलं. ग्रेपफ्रूटमधले जे पदार्थ औषधांशी खेळ करतात ते फ्युरानोकौमॅरिन पपनसातही आहेत. त्यांचा प्रताप उघडकीला आला तो योगायोगानं. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली यांचा गट फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आणि दारू यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते बघत होता. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि शोध घेता घेता बोट दारूकडे नव्हे तर रसाकडे गेलं.

आतड्याच्या अस्तरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्याचं नाव सीवायपी३ए४. या विकराचा जणू जकात नाकाच तिथं बसलेला असतो. तोंडावाटे गेलेल्या औषधाचा बराच वाटा तो तिथल्या तिथं कापून घेतो, उरलेलं रक्तात जातं. गोळी किती ताकदीची हवी हे ठरवताना ही जकात आधीच धरलेली असते. पपनसातले फ्युरानोकौमॅरिन हा नाकाच बंद पाडतात. मग सगळा माल बिनजकात आत शिरतो आणि नेहमीच्याच गोळीचा परिणाम दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. सकाळी गोळी घेतली, पपनस दुपारी खातो, ही पळवाट इथं चालत नाही. बंद पडलेलं विकर पुन्हा कामाला लागत नाही, आतड्याला ते नव्यानं तयार करावं लागतं आणि त्यात एक ते तीन दिवस जातात.

किडनी बदललेल्यांपुरतीच ही गोष्ट असती तर मी इतकी मागे लागले नसते. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाच्या निफेडिपिन आणि फेलोडिपिन, प्रतिकारशक्ती दाबणारी सायक्लोस्पोरिन, या सगळ्या त्याच नाक्यावरून जातात. सिमव्हास्टॅटिन रक्तात फार वाढलं तर स्नायूंची नासाडी होते आणि त्याचा भार पुन्हा किडनीवर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीत साठी ओलांडलेल्या किती माणसांच्या डब्यात यातली एखादी गोळी असेल! आणि गणपतीत त्यांच्या पुढ्यात पपनस येतच असेल. नेहमीच्या गोड संत्र्यानं आणि मोसंबीनं हा त्रास होत नाही, त्यामुळे सगळंच कुळ वाळीत टाकायचं कारण नाही. मात्र अॅलर्जीची फेक्सोफेनाडिन ही गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

हेच फ्युरानोकौमॅरिन त्वचेवरही काम करतात. सोरालेन हा त्यांच्यातलाच एक. आयुर्वेदात पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसायला सांगतात, त्या बावचीत हाच सोरालेन असतो. त्वचेवर सोरालेन आणि वर ऊन, असं झालं की त्वचा भाजून काळी पडते. लिंबाच्या सालीत आणि रसातही ही द्रव्यं आहेत. माझ्या भाचीनं लग्नाच्या तोंडावर चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळलं आणि तशीच स्कूटीवर टिळकवाडीत खरेदीला गेली. दुसऱ्या दिवशी गाल चुरचुरायला लागला, तिसऱ्या दिवशी हनुवटीपासून मानेपर्यंत तपकिरी ओघळ उठले, रस जिथून ओघळला होता अगदी त्याच वाटेनं. ते पुरते जायला काही महिने लागले. यात्रेत दिवसभर लिंबू पिळणाऱ्या सरबतवाल्याचे हात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांत असे डाग दिसतील. ऊन लागायच्या आधी हात धुणं हा त्यावरचा साधा उपाय.

खाल्लेल्या फळांचाही त्वचेवर काही परिणाम होतो का, हा प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांना पडला. परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचारी अशा लाखभर लोकांच्या खाण्यापिण्याच्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. दिवसातून दीडपेक्षा जास्त वेळा या कुळातलं फळ किंवा रस घेणाऱ्यांत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आठवड्यातून दोनदाही न घेणाऱ्यांच्या तुलनेत ३६ टक्के जास्त आढळला. सगळ्यात ठळक संबंध ग्रेपफ्रूटशी दिसला. अशी बातमी फोनवर आली की माणसं संत्री फेकायला निघतात, म्हणून पुढचंही सांगते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. त्या पाहणीतले लोक बहुतांशी गोरे होते आणि हा कर्करोग गोऱ्या कातडीला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. फळं सोडा असं त्या संशोधकांनीही म्हटलं नाही. बेळगावच्या माणसानं या आकड्यापायी संत्रं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही.

आता आत्तीची ती टाके पिकण्याची गोष्ट. या समजुतीवर मी मनापासून चिडते, कारण तिची झळ बाळंतिणींना बसते. बाळंतीण झालेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या माणसाचं आंबट तोडणं म्हणजे जखम भरायला लागणारी सामग्रीच काढून घेणं. जखम सांधते ती कोलॅजेन या प्रथिनानं, आणि सी व्हिटॅमिनशिवाय शरीराला धड कोलॅजेन बनवता येत नाही. हे काम एकदा करून संपत नाही, जुन्या व्रणातही ते आयुष्यभर चालू असतं. व्हिटॅमिन तुटलं की काय होतं हे जहाजांवरच्या माणसांनी भोगलं आहे. १७४० ते १७४४ या काळात इंग्रज दर्यावर्दी अॅन्सन यानं जगप्रदक्षिणा केली. त्या सफरीत एका खलाशाला पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली आणि केव्हाच भरून आलेली जखम स्कर्व्हीनं, म्हणजे याच तुटवड्यानं होणाऱ्या रोगानं, पुन्हा उघडी पडली. जुनं जुळलेलं हाडही सुटलं.

आमच्या किनाऱ्याचा या रोगाशी फार जुना संबंध आहे. कारवारसमोर अंजदीव बेट आहे. परत निघालेल्या वास्को द गामानं ऑक्टोबर १४९८ मध्ये तिथूनच शिडं उभारली. वारा पडलेला, समुद्र पार करायला तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, तीसेक माणसं वाटेतच गेली. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगी सात-आठ माणसं उरली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर माणूस धाडून संत्री मागवली, कारण आजारी खलाशांना त्यांचीच ओढ लागली होती. कित्येकांना उशीरच झाला होता. पुढे अडीचशे वर्षांनी, १७४७ साली, जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरानं बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत झपाट्यानं सुधारली. तरीही इंग्लंडच्या आरमारानं खलाशांना लिंबाचा रस नेमानं द्यायला १७९५ साल उजाडलं. अंजदीवहून निघालेली ती माणसं मूठभर लिंबांनी वाचली असती, आणि आमच्याकडे आजही टाक्यांच्या भीतीनं बाळंतिणीच्या ताटातलं लिंबू उचलून घेतात.

बाळंतिणीला लिंबू हवं ते आणखी एका कारणानं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या देशातल्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. भाजी, डाळ, नाचणी यांतलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्याच घासाबरोबर लिंबू असेल तर ते जास्त शोषलं जातं. जेवण झाल्याझाल्या घेतलेला चहा याच्या नेमकं उलट करतो, आणि आमच्याकडे जेवून उठलेल्या बाईला पहिला चहा लागतो. थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या शरीरात मात्र लोह आधीच जास्त साठत असतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ नयेत.

दातांचं थोडक्यात. लिंबाच्या रसाची आम्लता इतकी तीव्र की दातावरचं कवच, इनॅमल, त्यानं तात्पुरतं मऊ पडतं. त्या वेळी ब्रश घासला की कवचाचा थर निघून येतो आणि तो पुन्हा येत नाही. सकाळी लिंबूपाणी पिऊन लगेच दात घासणाऱ्यांनी चूळ भरून अर्धा तास तरी थांबावं. पित्ताचं म्हणाल तर आंबट फळानं पोटात अल्सर होत नाही. पण ज्यांच्या छातीत आधीच जळजळतं त्यांना रिकाम्या पोटी संत्रं झोंबतं. आपलं पोट काय सांगतं ते ऐकावं.

काकांकडे गणपतीला पपनस अजूनही सोलतात. काकू काकांसाठी वेगळ्या वाटीत पेरूच्या फोडी ठेवतात, त्यासुद्धा डॉक्टरांना विचारून, मोजून. काकांना गंध येतो, आणि मन जातं त्यांचं, मला दिसतं. पण हात पुढे होत नाही.

त्या आहारतज्ज्ञ मुलीनं परसातल्या झाडांची चौकशी केली नसती तर, हा विचार मला सोडत नव्हता. आपल्या भागात गोळ्यांच्या पाकिटावरच्या सूचना ना मराठीत असतात ना कन्नडमध्ये. म्हणून मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तो दुकानदार पन्नाशीचा, कन्नड आणि मराठी दोन्हीही घरच्यासारखी बोलणारा. वयस्क गिऱ्हाइकांच्या पाकिटावर सकाळ-रात्रीच्या खुणा तो न सांगता करून देतो. त्याला काकांची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, कपाटातून एकदोन औषधांचे माहितीपत्रक काढून गिऱ्हाईक थांबवून वाचले आणि म्हणाला, "ग्रेपफ्रूट लिहिलंय ओ वहिनी, आपल्या गावाला काय कळणार?" आता टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि सिमव्हास्टॅटिनच्या पाकिटांवर तो पेनानं दोन ओळी लिहून देतो. वर "पपनस नको" आणि खाली तेच कन्नडमध्ये, "चक्कोत बेड". बाकीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालाय.